धबधबा चुकवता येतो, उन्हाळा नाही

राष्ट्रीय जलमार्ग कायदा १२ एप्रिल २०१६ रोजी अमलात आला आणि देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या ५ वरून एकदम १११ झाली. या कायद्याच्या अनुसूचीत गोदावरीचा भद्राचलमपासून थेट नाशिकपर्यंतचा, अकराशे किलोमीटरहून अधिक लांबीचा प्रवाह जलमार्ग म्हणून नोंदवलेला आहे. त्याच एप्रिलात नाशिकचे रामकुंड कोरडे पडले होते आणि कोरड्या कुंडाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकत होती. एरवीही ऐन उन्हाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडल्याशिवाय गंगाघाटावरचे स्नान धड होत नाही, हे नाशिकच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. त्या घाटावरून कायद्याच्या दृष्टीने मालवाहू नौका सुटू शकते.

यावर हसून विषय सोडून देता आला असता. पण गोदावरीच्या खोऱ्यात, विशेषतः तिच्या वऱ्हाड-चांद्याकडून येणाऱ्या पाण्यावर, असा बेत पूर्वीही एकदा झाला होता. त्यासाठी खडक फोडले गेले, बंधारा आणि कालवा बांधला गेला, एक नवा जिल्हाही निर्माण झाला आणि १८७१ साली सगळे सोडून दिले गेले. तो बेत का फसला, याचे ‘रेल्वे आली म्हणून’ हे उत्तर सर्रास दिले जाते. ते मला अपुरे वाटते. नदीतून वाहतूक करायची म्हटले की राज्यकर्त्यांचे आणि अभियंत्यांचे लक्ष आधी अडसराकडे जाते. धबधबा डोळ्यांत भरतो, कानांवर आदळतो, नकाशावर बोट ठेवून दाखवता येतो, आणि त्याला वळसा घालणारा कालवा काढला की उद्घाटनाला दाखवण्याजोगे काहीतरी उभे राहते. त्याच नदीत शेकडो मैल पसरलेले गुडघाभर पाणी मात्र कोणाच्या नजरेत भरत नाही. धबधबा चुकवणाऱ्या कालव्यांचा इतिहास पाहिला तर ते फसले ते बहुधा या उथळ पाण्यामुळे, धबधब्यामुळे नव्हे, असे माझे म्हणणे आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील पोटोमॅक नदीचे आहे. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांना चिंता लागली होती ती अ‍ॅपलाचियन डोंगररांगेपलीकडे वसणाऱ्या लोकांची. तिकडचा शेतकरी आपले धान्य मिसिसिपीतून स्पेनच्या ताब्यातील न्यू ऑर्लीन्सला नेऊ लागला, तर मालामागोमाग त्याची निष्ठाही तिकडेच वळेल, असे त्यांना वाटत होते. त्यावर उपाय म्हणून पोटोमॅक हाच पश्चिमेचा राजमार्ग करावा या हेतूने १७८५ साली पोटोमॅक कंपनी स्थापन झाली आणि वॉशिंग्टन तिचे पहिले अध्यक्ष झाले. नदीत पाच ठिकाणी खडकाळ उतार होते आणि त्या प्रत्येकाला बगल देणारा छोटा कालवा काढायचा होता. त्यांतला सर्वांत अवघड उतार म्हणजे ग्रेट फॉल्स. तेथे नदी मैलभराच्या आत ७६ फूट खाली कोसळते.

तेथील काम खरोखर थोर होते. व्हर्जिनियाच्या काठाने सुमारे मैलभर कालवा खोदून त्यावर पाच लॉक बांधले गेले. लॉक म्हणजे दोन टोकांना भक्कम दरवाजे असलेला दगडी हौद. वरून आलेली नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, खालच्या झडपा उघडून पाणी सोडायचे, म्हणजे नाव हौदासकट नव्हे तर हौदातल्या पाण्यासकट हळूहळू खाली बसते, आणि पाणी बाहेरच्या पातळीला आले की पुढचा दरवाजा उघडतो. वर जाताना हेच उलट. यंत्र नाही, इंधन नाही, फक्त पाण्याचे वजन आणि दरवाजे लोटणाऱ्या माणसांचे खांदे. ग्रेट फॉल्सचे खालचे लॉक उभ्या कातळातून सुरुंगाच्या दारूने उडवून काढावे लागले. हे काम करणाऱ्यांत करारबद्ध मजूर होते आणि मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलामही होते. पळून जाणारे मजूर सहज ओळखता यावेत म्हणून त्यांचे डोके आणि भुवया भादरल्या जात. वरच्या लॉकला लावलेल्या तांबूस वालुकाश्माच्या चिऱ्यांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणा आजही दिसतात. १८०२ साली काम पुरे झाले, पण ते पाहायला वॉशिंग्टन राहिले नव्हते. डिसेंबर १७९९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

नाव आता धबधबा ओलांडू शकत होती. अडचण होती ती धबधब्याच्या वर आणि खाली, जिथे नदी स्वतःच्या मर्जीने वाहत होती. पुराच्या वेळी ती नावेला चिंधीसारखी भिरकावी आणि पूर ओसरला की तळाचे धोंडे उघडे पडत. १८२०च्या दशकाच्या आरंभी मेरिलंड आणि व्हर्जिनिया या राज्यांनी नेमलेल्या चौकशी समितीने पाहणी केली, तेव्हा वर्षभरात नदीतून मालाची ने-आण होऊ शकते असे दिवस ४५ हून अधिक नसतात, असे आढळले. वरून येणारे पुष्कळसे नावाडी कच्च्या फळ्यांचे तराफे बांधून येत आणि जॉर्जटाउनला माल उतरवला की तराफा मोडून लाकूड विकून टाकत, कारण प्रवाहाविरुद्ध परत जाण्यापेक्षा ते परवडे. कंपनीने आपल्या हयातीत भागधारकांना एकदाच लाभांश दिला. १८२८ साली तिचा कारभार चेसापीक आणि ओहायो कालवा कंपनीकडे गेला, आणि या दुसऱ्या कंपनीने काय करावे? तिने नदीचा नादच सोडला. जॉर्जटाउनपासून कंबरलंडपर्यंत १८४ मैलांहून अधिक लांबीचा सलग कालवा तिने नदीच्या शेजारून खोदला. तो १८५० साली पुरा झाला तोवर रेल्वे कंबरलंडला पोचून आठ वर्षे झाली होती, ही गोष्ट वेगळी. नदी ही वाट नव्हे, नदीचे पाणी घेऊन वाट वेगळी बांधावी लागते, याची ती स्पष्ट कबुली होती.

अभियंत्यांचे कौशल्य त्या काळी कमी पडले, असे कोणी म्हणेल तर त्याने नायगाराकडे पाहावे. ईरी आणि ऑन्टॅरिओ या सरोवरांच्या पातळ्यांत सुमारे १०० मीटरचा फरक आहे आणि मध्ये जगप्रसिद्ध धबधबा आहे. त्याला बगल देणारा वेलंड कालवा १८२९ साली लाकडी लॉकांनिशी सुरू झाला, पुन्हा पुन्हा नव्याने बांधला गेला, आणि १९३२ साली खुला झालेला त्याचा चौथा अवतार आठ लॉकांच्या साह्याने आजही महाकाय जहाजे चढवतो-उतरवतो. पोटोमॅकच्या कितीतरी पट अवघड अडसर, आणि तरी यश. कारण उघड आहे. या कालव्याच्या दोन्ही टोकांना समुद्रासारखी सरोवरे आहेत. हिवाळ्यात बर्फ पडते तेव्हा तो बंद असतो, पण पाणी उथळ झाले म्हणून जहाज रुतले, असा प्रश्न तिथे येत नाही.

आता गोदावरी. सर आर्थर कॉटन यांनी १८४७ ते १८५२ या काळात राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमला बंधारा बांधून गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाचे दैन्य घालवले, त्याबद्दल आंध्रात त्यांचे पुतळे आहेत आणि ते योग्यच आहे. त्या बंधाऱ्यावरून निघालेले कालवे सिंचनाबरोबर नावांसाठीही होते. त्यांच्यावरच्या लॉकांना तेलुगू माणूस आजही ‘लाकुलु’ म्हणतो, इतका तो शब्द तिथल्या मातीत मुरला. कॉटन यांची नजर मात्र त्याहून वर, पार विदर्भापर्यंत गेली होती. वर्धा आणि वैनगंगा यांचा संगम होऊन प्राणहिता बनते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. हिंगणघाटच्या बाजारातला कापूस वर्धेतून प्राणहितेत, तिथून गोदावरीत आणि पुढे काकिनाडा बंदरात न्यावा, अशी ती कल्पना होती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि या कल्पनेला एकाएकी इंग्लंडमध्येही कान मिळाले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले रिचर्ड टेंपल या योजनेच्या पुरस्कर्त्यांपैकी होते.

वाटेत खडकाळ उतारांचे तीन मोठे अडसर होते. खालून वर येताना पहिला दुम्मगुडेमचा, दुसरा सिरोंच्याखाली इंचमपल्लीचा आणि तिसरा वर प्राणहितेवर देवलमरीचा. प्रत्येक ठिकाणी बंधारा, बगलेचा कालवा आणि लॉक बांधायचे ठरले. राजकीय अडसर त्याआधीच दूर केला गेला होता. १८६०च्या तहाने निजामाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांना दिला आणि नदीवरील मालाला जकात माफ झाली. या नव्या मुलखाचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा बनवून त्याचे ठाणे सिरोंच्याला केले गेले. आजच्या सिरोंचा तालुक्यात ग्लासफोर्डपेठा नावाचे गाव आहे. तिथल्या एका डेप्युटी कमिशनरची ही आठवण, मुंबई-पुण्याच्या वाचकाला गडचिरोलीच्या टोकाला असे नाव वाचून नवल वाटते.

पहिल्या अडसरावर काम उभे राहिले. दुम्मगुडेमला बंधारा, लॉक आणि कालवा झाला. पण साखळीच्या या योजनेचा घात तिच्या साखळीतच होता. तीन अडसरांपैकी एक ओलांडला म्हणजे एक तृतीयांश लाभ झाला, असे होत नाही. वरचे दोन जागच्या जागी असतील तर हिंगणघाटचा व्यापारी दोन ठिकाणी गासड्या उतरवणार, बैलगाड्यांत भरणार, पुन्हा नावेत चढवणार, आणि प्रत्येक चढउताराला हमाली आणि नासाडी सोसणार. त्यापेक्षा तो बैलगाडीतून उतरणारच नाही. आणि तिन्ही अडसर पार झाले असते, असे धरले तरी दोन अडसरांमधली नदी तीच राहिली असती. गोदावरीला हिमालयाचे बर्फ नाही. पावसाळ्यात तिचा पट समुद्रासारखा फुगतो आणि उन्हाळ्यात वाळवंट होते. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते, ती सरकून बाजारात गासड्यांचे ढीग लागेपर्यंत पौष-माघ उजाडतो. म्हणजे माल तयार होतो नेमका पाणी उतरू लागते तेव्हा. या एका गोष्टीचा उच्चार योजनेच्या सुरुवातीलाच पुरेशा कठोरपणे व्हायला हवा होता.

मार्च-एप्रिलमध्ये सिरोंच्याच्या घाटावर उभे राहिले की हे पुस्तकाविना कळते. पात्राच्या मधोमध वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लागलेल्या असतात. कोळी-ढिवर कुटुंबे झोपडी घालून राखणीला बसलेली असतात. पाण्याची धार एका कडेला सरकलेली असते आणि ती ओलांडायला डोंगा पुरतो. याच नदीतून अहेरी-आलापल्लीकडच्या सागवानाचे ओंडके पुराच्या पाण्यावर सोडून पार राजमहेंद्रीकडे नेले जात. त्या लाकूडवाल्यांनी नदीशी भांडण मांडले नाही. पाणी असेल तेव्हा ओंडके सोडायचे, नसेल तेव्हा थांबायचे. लाकडाला थांबणे परवडते, लिव्हरपूलला कबूल केलेल्या कापसाला परवडत नाही.

रेल्वेचा मुद्दा आता घेतो, कारण तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत वर्ध्याहून हिंगणघाट-वरोऱ्याकडे फाटाही निघाला. विदर्भाचा कापूस पूर्वेच्या काकिनाड्याऐवजी पश्चिमेच्या मुंबईला गेला आणि या प्रदेशाचे तोंड कायमचे फिरले. १८७१ साली वरच्या गोदावरीचे काम थांबवले गेले आणि तीन वर्षांत तो जिल्हाही मोडला. भद्राचलमचा भाग मद्रास इलाख्याला जोडला गेला, सिरोंचा चांद्याला. कॉटन यांनी पुढे ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे तळमळून सांगितले की हिंदुस्थानला हवी आहे ती जलवाहतूक, रेल्वे महाग आहे आणि तिचा बोजा रयतेवर पडतो आहे. यातला बराचसा भाग खरा होता. रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती आणि तूट हिंदी करदाता भरत होता. कालव्यांना अशी हमी क्वचितच मिळाली. स्पर्धा समान पायावर झाली नाही, हे कॉटन यांच्या भक्तांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण त्यांचे एक सूत्र चुकले. त्रिभुज प्रदेशात त्यांचे कालवे यशस्वी झाले, कारण तिथे बंधाऱ्याने अडवलेले पाणी बांधीव कालव्यात उतरत होते आणि खोली माणसाच्या हातात होती. वरच्या खोऱ्यात त्यांनी तेच यश उघड्या नदीकडून अपेक्षिले. रेल्वे दहा वर्षे उशिरा आली असती तर ही योजना दहा वर्षे अधिक कुथली असती, एवढेच.

आणि आज स्थिती काय आहे? कॉटन यांच्यापुढे निसर्गाचे तीन अडसर होते. नाशिक ते भद्राचलम या मार्गावर आपण स्वतः उभे केलेले अडसर मोजावेत: नांदूरमध्यमेश्वर, पैठणचे जायकवाडी, नांदेडचे विष्णुपुरी, बाभळी, तेलंगणातील श्रीरामसागर, येल्लमपल्ली, सुंदिल्ला, अन्नारम, मेडिगड्डा, आणि वाटेत आणखी लहानमोठे बंधारे. जायकवाडीचा सुमारे १० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध नावेला ओलांडता येत नाही. नदी खरोखरच जलमार्ग करायची असेल तर या प्रत्येक ठिकाणी बगलेचा कालवा आणि लॉक हवेत, आणि लॉक एकदा चालवला की हौदभर पाणी खाली सोडावे लागते. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्यावरून जिथे दर दुष्काळी वर्षी न्यायालयाची पायरी चढावी लागते, तिथे लॉकसाठी पाणी कोण सोडणार? बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३चा आदेश आहे. तिथे प्रत्येक थेंबाचा हिशेब दोन राज्यांत वाटलेला आहे. २००२च्या राष्ट्रीय जलनीतीने पाणीवाटपाचा जो प्राधान्यक्रम लावला, त्यात पिण्याचे पाणी पहिले आणि नौकानयन शेवटी, ‘इतर उपयोगां’च्या सोबतीला होते. हा क्रम योग्यच आहे. मग त्याच सरकारने त्याच नदीवर हजार किलोमीटरची नौकावाट जाहीर करणे याला काय म्हणावे?

मेडिगड्ड्याचे उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. जुन्या इंचमपल्लीच्या परिसरात, सिरोंच्याच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात २०१६ साली झालेल्या करारानुसार १०० मीटर जलपातळीचे बॅरेज, म्हणजे दरवाजांचा बंधारा, बांधले गेले. २०१९ साली त्याचे उद्घाटन झाले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. सिरोंच्याकडच्या शेतकऱ्यांची तक्रार मधल्या काळात फुगवट्याने शेती बुडण्याची होती. दीडशे वर्षांत त्या काठाला नदीच्या कामांतून मिळाले ते हे. पोटोमॅकच्या बाबतीत निदान एवढे झाले की नदीवरील हक्कांसाठी मेरिलंड आणि व्हर्जिनिया १७८५ साली एका टेबलाशी बसले, आणि त्या बैठकांचा धागा पुढे १७८७च्या फिलाडेल्फियातील घटना परिषदेपर्यंत पोचला. कंपनी बुडाली, पण वाटाघाटीची सवय उरली. आपल्याकडे कृष्णा आणि गोदावरी दोन्हींसाठी लवाद झाले, तरी काठावरच्या माणसाला त्यात खुर्ची नसते.

जलवाहतूक मुळातच खोटी, असे मला म्हणायचे नाही. त्रिभुज प्रदेशातील कॉटन यांचे कालवे, राजमहेंद्रीच्या वरचा पापीकोंडलूच्या घळीतला खोल प्रवाह, कोकणातल्या भरतीच्या खाड्या, गोव्यात मांडवी-झुवारीतून खनिज वाहून नेणारे बार्ज, ही सगळी चाललेली किंवा चालणारी उदाहरणे आहेत, आणि ती चालली कारण तिथे खोली समुद्राने किंवा बंधाऱ्याने राखलेली आहे. सरकारने पैसा आणि माणसे तिथे लावावीत. अनुसूचीत एखादी नदी घालण्यापूर्वी एकच कोष्टक संसदेपुढे यावे: त्या नदीत मागच्या ३० वर्षांत, ठरलेल्या प्रत्येक टप्प्यावर, किती दिवस दोन मीटर पाणी होते. नदीमापन केंद्रांवरच्या नोंदींतून हे कोष्टक बनवता येते आणि त्यासाठी नवा आयोग लागत नाही. त्या कोष्टकात जो मार्ग ४५ दिवसांवर थांबेल तो अनुसूचीतून वगळावा. माझ्या अंदाजाने नाशिक-भद्राचलम हा सर्वांत आधी वगळला जाईल आणि वैनगंगा-प्राणहिता, पैनगंगा-वर्धा हे मार्ग फार मागे राहणार नाहीत. वगळण्यात कमीपणा नाही. चेसापीक आणि ओहायो कंपनीने नदी सोडली तेव्हाच तिच्या नावा वर्षातले बरेच महिने चालू लागल्या.

आणि सिरोंच्याच्या घाटावरच्या डोंगेवाल्यांसाठी काही करायचेच असेल तर त्यांना हवा आहे तो धड धक्का, रात्री दिसेल असा दिवा, आणि वरच्या बॅरेजचे दरवाजे उघडण्यापूर्वी वेळेवर वाजणारा भोंगा, कारण उन्हाळ्यात वाळूत लावलेली डांगरवाडी अचानक सोडलेल्या पाण्यात एका रात्रीत वाहून जाते.